सांडलेलं तेल उचलायचं आणि पाण्यापासून वेगळं करायचं, ते कसं

तेलगळतीच्या कामावर पहिल्यांदा जाणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी: तेल आणि पाणी घुसळायचं नाही. बाकीचं बरंचसं यातूनच उलगडत जातं. पाण्यावर शांत पडलेलं तेल उचलता येतं आणि टाकीत नेलं की आपोआप वर येतं. तेच तेल पंपाच्या पात्यांनी फोडलं, साबणाने सैल केलं किंवा होडीच्या पंख्याने ढवळलं, की त्याचे डोळ्यांना न दिसणारे थेंब होतात. मग ते वेगळं करायला तासांऐवजी दिवस लागतात. वेगळं करण्याचं काम टाकीपाशी सुरू होतं असं नवख्यांना वाटतं. खरं तर ते पाण्यावर पहिली दोरी टाकली तेव्हाच सुरू झालेलं असतं.

तेलाजवळ जाण्याआधी

ताजं कच्चं तेल, पेट्रोल आणि नॅफ्था यांची वाफ पेट घेते. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून खड्ड्यात, चरात आणि होडीच्या तळाशी साचते. नेहमी वाऱ्याच्या दिशेकडून या, म्हणजे वारा तुमच्या पाठीवर आणि तेल समोर असेल. गॅस मोजायचं यंत्र घेतल्याशिवाय जाऊ नका. स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (हवेत वाफेचं जे किमान प्रमाण पेट घेऊ शकतं, त्याच्या) १० टक्के आकडा दिसला की काम थांबवून मागे फिरायचं, त्यावर चर्चा करत बसायचं नाही.

काही कच्च्या तेलांत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण वासावर विसंबणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. गोळा केलेल्या तेलाच्या बंद टाकीत तो साठून राहतो. म्हणून टाकीचं झाकण उघडून आत डोकावणं ही या कामातली सगळ्यात धोक्याची सवय आहे. पातळी काठीने किंवा मापाच्या फितीने, वाऱ्याकडे पाठ करून मोजा. टाकीत उतरायची वेळ आली तर हवा तपासणारा, बाहेर थांबणारा आणि सुटकेची तयारी असलेला माणूस असल्याशिवाय उतरू नका.

नायट्राइलचे हातमोजे, बंद चष्मा, तेलावर न घसरणारे बूट आणि पूर्ण अंगाचा पोशाख घाला. असा पोशाख घालून उन्हात काम केलं की उष्माघात लवकर होतो, म्हणून पाण्याच्या आणि सावलीच्या सुट्ट्या आधीच ठरवून टाका. पंप, नळी, टँकर आणि टाकी एकमेकांना तारेने जोडून जमिनीला अर्थिंग द्या. नळीतून वाहणाऱ्या तेलात स्थिर वीज तयार होते आणि एक ठिणगी पुरते.

पेट्रोलसारखं फार हलकं तेल सांडलं असेल तर ते बहुतेक वेळा गोळा करूच नये. काही तासांत त्यातलं बरंचसं उडून जातं. तोवर माणसं आणि ठिणगी लांब ठेवणं हेच खरं काम. त्याला बूमने, म्हणजे तरंगत्या कुंपणपट्टीने, अडवून एका जागी जाड थर साठवणं म्हणजे आगीची तयारी करून ठेवणं.

उगम आणि वाटा बंद करा

व्हॉल्व्ह बंद करा, फुटलेला पाइप उंच करा, गळक्या पिंपाची भोकाची बाजू वर फिरवा. मग गटारांची तोंडं झाका. जमिनीवरचं एक बादली तेल माती आणि शोषक पॅडने उचलता येतं. तेच गटारातून ओढ्यात गेलं की माणसांची फौज लागते. फरशीवरचं तेल साबणाने धुऊन काढायचा मोह टाळा. त्याने तेल नाहीसं होत नाही, फक्त पाण्यात बारीक होऊन पुढे जातं.

लहान ओढ्यात किंवा नाल्यात तेल उतरलंच, तर एक सोपा बांध फार उपयोगी पडतो. मातीचा किंवा वाळूच्या पोत्यांचा बांध घाला आणि त्यातून तिरका पाइप काढा. पाइपचं आतलं तोंड तळाजवळ, बाहेरचं उंचावर. खालचं पाणी पाइपमधून वाहून जातं, वरचं तेल बांधामागे अडकतं. बाहेरच्या तोंडाची उंची ठरवली की मागच्या पाण्याची पातळीही ठरते. पाइप प्रवाहाला पुरेल एवढा मोठा हवा, नाहीतर पाणी बांधावरून जाईल आणि तेलच पहिल्यांदा जाईल. पुढे थोड्या अंतरावर असाच दुसरा बांध घाला, कारण पहिल्यातून काही ना काही निसटतंच.

तवंग वाचायला शिका

तवंग किती पसरलाय यावरून तेल किती आहे हे कळत नाही. रंगावरून बऱ्यापैकी कळतं. चंदेरी-करडा तवंग ०.०४ ते ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. इंद्रधनुषी रंग दिसले की ०.३ ते ५ मायक्रॉन. धातूसारखी चमक ५ ते ५० मायक्रॉनला येते. त्यापुढे तेलाचा खरा रंग तुकड्यातुकड्यांत दिसू लागतो आणि २०० मायक्रॉनच्या वर तो सलग दिसतो. हिशेब सोपा आहे: १ चौरस किलोमीटरवर १ मायक्रॉन जाडीचा थर म्हणजे १,००० लिटर तेल. म्हणजे डोळ्यांत भरणारा चंदेरी तवंग एक चौरस किलोमीटर पसरला असला तरी त्यात ४० ते ३०० लिटरच तेल असतं, आणि तेवढंच क्षेत्र खऱ्या काळ्या रंगाचं असेल तर दोन लाख लिटरांहून जास्त.

सांडलेल्या तेलाचा बहुतांश भाग तवंगाच्या छोट्याशा जाड भागात असतो. माणसं आणि यंत्रं तिथे पाठवा. इंद्रधनुष्यामागे धावण्यात दिवस वाया जातो आणि हाती निव्वळ पाणी लागतं. होडीतून जाड भाग ओळखता येत नाही. उंचावरून कुणीतरी दिशा सांगायला हवी.

तेल पुढे कुठे जाईल? पाण्याच्या प्रवाहाबरोबर ते पूर्ण वेगाने जातं आणि वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने वाऱ्याच्या दिशेला सरकतं. कागदावर हे दोन बाण काढून जोडले की उद्या सकाळी कुठला किनारा आधी मोकळा करायला हवा हे कळतं. तेल पोचण्याआधी तिथला पालापाचोळा, प्लास्टिक आणि लाकडं उचलून ठेवली तर नंतरचा तेलकट कचरा कितीतरी कमी होतो. हे काम कंटाळवाणं असल्याने नेहमी मागे पडतं, पण एवढ्या कमी कष्टात एवढा फायदा देणारं दुसरं काम मला माहीत नाही.

बूम: भिंत की वाट

बूम म्हणजे तरंगती कुंपणपट्टी: वर तरंगणारा भाग, खाली पाण्यात लोंबणारा पडदा, आणि तो ताठ राहावा म्हणून तळाशी साखळी. तिच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. प्रवाह बूमला काटकोनात ०.७ नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.३५ मीटर वेगाने येऊ लागला की तेलाचे थेंब पडद्याखालून निसटायला लागतात. पडदा आणखी खोल केला तरी हे थांबत नाही, उलट ओढ वाढते.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. काठावर १० मीटर अंतर आखा आणि पाण्यात लाकडाचा तुकडा सोडा. तो २८ सेकंदांच्या आत पुढे गेला तर बूम आडवी लावू नका, तिरकी लावा. प्रवाह १ नॉट असेल तर प्रवाहाशी सुमारे ४५ अंशांचा कोन, दीड नॉटला २८ अंश, २ नॉटला २० अंश. तिरकी बूम तेलाला अडवत नाही, काठाकडच्या शांत पाण्यात वळवते आणि तिथे उचलणं सोपं जातं. म्हणून बूमकडे भिंत म्हणून पाहण्यापेक्षा वाट दाखवणारी म्हणून पाहावं.

नांगर किती मजबूत हवा याचा ढोबळ हिशेब असा: पडद्याचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, गुणिले १००, उत्तर किलोत. १०० मीटर लांब, ०.६ मीटर खोल पडद्यावर अर्ध्या नॉटच्या प्रवाहाची ओढ १,५०० किलो येते. प्रवाह १ नॉट झाला की ती ६,००० किलो होते. भरतीला वेग दुप्पट झाला आणि दोर तुटला, ही गोष्ट याच हिशेबात आधी दिसायला हवी होती.

उचलताना

स्किमर म्हणजे पाण्यावरचं तेल उचलणारं यंत्र. त्याचे दोन मोठे प्रकार लक्षात ठेवा. एकात पृष्ठभागावरचा थर एका कडेवरून आत ओतला जातो. हा साधा, स्वस्त आणि कचऱ्याला बऱ्यापैकी न घाबरणारा प्रकार, पण थर पातळ असेल किंवा लाटा असतील तर तो तेलापेक्षा पाणीच जास्त घेतो. दुसऱ्यात चकत्या, ड्रम, ब्रश किंवा दोऱ्या फिरतात. तेल त्यांना चिकटतं, पाणी चिकटत नाही आणि खरवडपट्टी तेल काढून घेते. मध्यम दाट तेलाला चकत्या आणि ड्रम, घट्ट तेलाला ब्रश.

२०१० साली मेक्सिकोच्या आखातात झालेल्या गळतीत सुमारे ४९ लाख बॅरल तेल बाहेर पडलं, आणि सरकारी हिशेबानुसार स्किमरने त्यातलं जेमतेम ३ टक्के उचललं गेलं. त्यानंतर २०११ मध्ये स्किमर सुधारण्यासाठी स्पर्धा झाली. खाचा असलेल्या चकत्यांच्या यंत्राने चाचणीच्या हौदात मिनिटाला ४,६७० गॅलन तेल उचललं, आणि उचललेल्या द्रवात ८९.५ टक्के तेलच होतं. मला यातला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. दहा टक्के पाणी आणणारं यंत्र आणि नव्वद टक्के पाणी आणणारं यंत्र यांत टाकीभर तेलामागे जवळपास नऊ टाक्यांचा फरक असतो.

पंप निवडताना बहुतेक जण चुकतात. वेगाने फिरणाऱ्या पात्यांचा सेंट्रिफ्यूगल पंप सगळीकडे मिळतो म्हणून तोच लावला जातो, आणि तोच थेंब फोडतो. त्याऐवजी स्क्रू, पडद्याचा डायफ्रॅम किंवा नळी दाबत पुढे ढकलणारा पंप घ्या आणि सावकाश चालवा. नळी जाड ठेवा, वळणं कमी ठेवा, व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवून वेग आवरू नका. अरुंद फटीतून जाताना तेल पुन्हा बारीक होतं. उतार मिळत असेल तर पंपच नको.

शोषक पॅड शेवटच्या पातळ थरासाठी राखून ठेवा. पॉलिप्रोपिलीनचे पॅड स्वतःच्या वजनाच्या दहापट किंवा त्याहून जास्त तेल धरतात, पण प्रत्येक भरलेला पॅड हा नवा कचरा असतो. सुटा भुसा किंवा कापूस उघड्या पाण्यात टाकू नका. तो परत गोळा होत नाही आणि स्किमरही तुंबवतो.

आणि साठवणीची सोय आधी करा. बहुतेक ठिकाणी काम स्किमर नसल्यामुळे थांबत नाही, टाक्या भरल्यामुळे थांबतं.

टाकीत: निवळू द्या

तेलाचा थेंब किती वेगाने वर येतो हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. व्यास निम्मा झाला की वेग पाव होतो. ०.९ घनतेचं तेल गोड्या पाण्यात धरून हिशेब केला, तर १५० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला १.२ मिलिमीटर वर येतो आणि एक मीटर पाणी चौदा मिनिटांत पार करतो. २० मायक्रॉनच्या थेंबाला तेच एक मीटर चढायला पावणेतेरा तास लागतात. सुरुवातीला घुसळू नका म्हटलं, ते याच दोन आकड्यांमुळे.

घनतेचाही वाटा आहे. तेल ०.९५ घनतेचं असेल तर पाण्याशी असलेला फरक निम्मा होतो आणि वेळ दुप्पट. पाणी कोमट झालं तर मदत होते. १० अंशांवरून ३० अंशांवर गेलं की त्याचा चिकटपणा जवळपास चाळीस टक्क्यांनी उतरतो.

आता टाकीची रचना. द्रव वरून धबधब्यासारखा सोडू नका. आत येणाऱ्या प्रवाहासमोर आडवी फळी ठेवा म्हणजे जोर मोडेल. मधला भाग शांत असावा. बाहेर जाण्याआधी पृष्ठभागापासून खाली येणारी, पण तळापर्यंत न पोचणारी भिंत हवी. तेल तिच्याआड अडतं, पाणी खालून जातं. पाणी बाहेर काढायचा व्हॉल्व्ह तळाशी, पण गाळाच्या वर. तीन टाक्या ओळीने जोडल्या आणि प्रत्येकीचं खालचं पाणी पुढच्या टाकीत घेतलं तर साध्या पिंपांचंही चांगलं काम होतं.

टाकी किती मोठी हवी? इथे मोठी गंमत आहे: खोलीपेक्षा पृष्ठभाग महत्त्वाचा. तासाला १० घनमीटर द्रव येत असेल आणि १५० मायक्रॉनपर्यंतचे थेंब पकडायचे असतील, तर प्रवाह भागिले थेंबाचा वेग करून सुमारे २.३ चौरस मीटर पृष्ठभाग येतो. पाणी पूर्ण शांत कधीच नसतं, म्हणून दुप्पट धरा. पसरट टाकी उंच टाकीपेक्षा चांगली, ती याच कारणाने. तिरक्या समांतर पट्ट्यांचे विभाजकही हेच तत्त्व वापरतात. पट्ट्यांमधलं अंतर २ सेंटिमीटर असेल तर २० मायक्रॉनच्या थेंबाला मीटरभर नव्हे, २ सेंटिमीटरच चढायचं असतं. पावणेतेरा तासांचं काम पंधरा मिनिटांवर येतं. वरच्या पट्टीला टेकलेले थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि सरकत वर जातात. पट्ट्या गाळाने भरल्या की सगळं बंद पडतं, तेव्हा वाळू आणि कचरा आधीच्या टाकीत बसू द्या.

वेगळं किती होतंय हे काचेच्या बाटलीत बघा. नमुना भरा, हलवू नका, दर दहा मिनिटांनी थरांची उंची नोंदवा. अर्ध्या तासात स्वच्छ रेघ दिसली तर तुमच्या टाकीला तेवढाच वेळ द्या. मधे तपकिरी, दाट थर तसाच राहिला तर ते इमल्शन, म्हणजे तेलात अडकलेल्या पाण्याचं घट्ट मिश्रण, आहे आणि नुसतं थांबून भागणार नाही.

इमल्शन फोडणं

समुद्रात लाटांनी पाणी तेलाच्या आत शिरतं आणि तपकिरी-तांबूस, दाट, फुगलेला पदार्थ तयार होतो. त्यात तीन चतुर्थांश पाणी असेल तर एक टन तेलाचे चार टन होतात. याला आधी उन्हात ठेवून पाहा. कच्ची इमल्शनं तेवढ्यानेच सुटतात. नाहीतर ५० ते ६० अंशांपर्यंत सावकाश तापवा, तेही तेलाची पेट घेण्याची मर्यादा माहीत असेल आणि वाफ सुरक्षित बाहेर जात असेल तरच. त्यानेही नाही झालं तर इमल्शन फोडणारं रसायन वापरा. प्रमाण साधारण ०.१ ते ०.५ टक्के असतं. आधी बाटलीत दोन-तीन प्रमाणं करून पाहा. जास्त घातलं की जास्त चांगलं, असं इथे होत नाही. रसायन टाकीत वरून न ओतता पंपाच्या आत जाणाऱ्या नळीत थेंबथेंब सोडा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. मिसळणं फायद्याचं ठरतं अशी ही एकच जागा, आणि त्यानंतर पुन्हा शांतता. काढलेल्या पाण्यात हे रसायन थोडं उरतं, तेव्हा ते पाणी सोडताना त्याचाही विचार करावा लागतो.

निवळलेलं पाणी स्वच्छ दिसलं तरी स्वच्छ नसतं. जहाजांना यंत्रघरातलं पाणी समुद्रात सोडताना आंतरराष्ट्रीय नियमाने दहा लाखांत १५ भाग तेलाची मर्यादा आहे आणि ती नुसत्या निवळण्याने सहसा गाठता येत नाही. बारीक हवेचे बुडबुडे सोडून थेंब वर आणणं आणि शेवटी सक्रिय कोळशातून गाळणं, असा क्रम लावावा. कोळसा पहिल्याच टप्प्यावर लावला तर तासाभरात तेलाने बुजतो. टाकीचं तळातलं पाणी बूमने घेरलेल्या जागेतच, स्किमरच्या समोर परत सोडायची पद्धत आहे. त्याने साठवण वाचते, पण संबंधित यंत्रणेची लेखी परवानगी आधी हवी.

किनारा आणि रसायनांबद्दल थोडं

१९६७ साली टॉरी कॅन्यन जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येला खडकावर आपटलं, तेव्हा हजारो टन डिटर्जंट वापरलं गेलं आणि तेलापेक्षा त्यानेच किनाऱ्याच्या जिवांचं जास्त नुकसान केलं. १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डीझ जहाजाच्या तेलाने माखलेले अलास्कातले खडक गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतले; तिथले शंख-शिंपले आणि शेवाळ त्यात मेलं आणि काही धुतलेल्या जागा न धुतलेल्या जागांपेक्षा हळू सावरल्या. आजची विसर्जक रसायनं तेव्हाच्या डिटर्जंटपेक्षा कमी विषारी आहेत, पण ती तेल पाण्यात पसरवतात, काढत नाहीत. वापरायची की नाही हा निर्णय अधिकृत यंत्रणेचा. हाताशी साबणाचा डबा आहे म्हणून कुणी तो घेऊ नये.

वाळूवर फावड्याने वरचा तेलकट थरच उचला. यंत्र चाकांनी तेल खाली दाबतं. कांदळवनात आणि दलदलीत पाऊल टाकण्याआधी दहादा विचार करा, कारण मुळांशी तुडवलेलं तेल तिथे वर्षानुवर्षं राहतं. अशा जागी कमी दाबाच्या पाण्याने तेल बाहेर वाहवणं किंवा काहीच न करणं हे बरेचदा योग्य असतं. हात बांधून उभं राहणं जड जातं, हे मला समजतं. तरी तेच करावं.

कचरा सुरुवातीपासून वेगवेगळा ठेवा: द्रव तेल, इमल्शन, तेलकट वाळू, तेलकट कापड-पॅड आणि मेलेले जीव. १९९९ च्या एरिका जहाजाच्या अपघातात सुमारे २०,००० टन तेल सांडलं आणि तेलकट कचरा जमला दोन लाख टनांहून जास्त. एकत्र केलेला ढीग पुन्हा निवडता येत नाही.

रोज संध्याकाळी प्रत्येक टाकीतली एकूण पातळी, मोकळं पाणी आणि इमल्शन यांची वेगळी नोंद ठेवा. १० घनमीटरच्या टाकीत ४ घनमीटर मोकळं पाणी आणि उरलेल्या ६ मध्ये निम्मं पाणी असेल, तर तेल ३ घनमीटरच आहे. वहीत १० लिहिलं तर पुढचे सगळे निर्णय चुकतील. शेवटी बूम, स्किमर, बूट आणि बादल्या गळती न होणाऱ्या पक्क्या फरशीवर धुवा. त्या धुण्याचं पाणी त्याच विभाजकातून न्या, आणि विभाजक सगळ्यांत शेवटी रिकामा करा.